रेसावा नदीकांठचे प्रतलेखक

बेलग्रेडच्या आग्नेयेस सुमारें १३० किलोमीटरांवर, रेसावा नदीच्या कांठीं, देस्पोतोव्हात्स नांवाचें सर्बियांतील एक लहान नगर आहे. वस्ती चार हजारांच्या आसपास. नकाशांत तें शोधावें लागतें. परंतु ज्यांनीं आपला काळ जुन्या पोथ्या हुडकण्यांत, त्यांच्या पुष्पिका वाचण्यांत आणि एका प्रतीचा दुसरीशीं मेळ घालण्यांत घालविला, त्यांना या नगराची ओळख असावयास हवी. नगरापासून दोन किलोमीटरांवर एक तटबंद मठ आहे. त्याची कीर्ति पोथ्या शुद्ध उतरून काढण्यावर उभी राहिली. मठांतील ग्रंथसंग्रह नाहींसा झाला. तरी ‘रेसावा येथील प्रतीवरून’ एवढे शब्द पोथीच्या शेवटीं असले कीं पाठ विश्वसनीय, ही समजूत पुढें फार काळ टिकली. तटबंदीनें जें राखलें नाहीं तें नकलेनें कसें राखलें, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांवाविषयीं. देस्पोतोव्हात्स म्हणजे देस्पोताचें नगर. ‘देस्पोत’ हा ग्रीक शब्द इंग्रजीच्या द्वारें आपल्याकडे आला तो जुलमी सत्ताधीश या अर्थानें. बायझंटाइन दरबारांत मात्र ती सम्राटाच्या खालोखालच्या मानाची पदवी होती. शब्दाची व्युत्पत्ति संस्कृतज्ञास विशेष रुचेल. त्याचा पूर्वभाग घर या अर्थाचा व उत्तरभाग स्वामी या अर्थाचा. म्हणजे ऋग्वेदांतील ‘दम्पति’ आणि हा ‘देस्पोत’ हे सख्खे भाऊ. वेदांत दम्पति शब्द एकवचनीं गृहस्वामी या अर्थानें येतो. पतिपत्नी हा अर्थ द्विवचनावरून रूढ झाला. तसेंच सर्ब भाषेंत लिहिणें या अर्थीं ‘पिसाति’ असें क्रियापद आहे. तें आपल्या ‘पिश्’ धातूचें, ज्यापासून ‘पेशस्’ शब्द झाला त्याचें, सगोत्र होय. आपल्याकडे त्या धातूंत कोरण्याचा व सजविण्याचा अर्थ राहिला, त्यांच्याकडे लिहिण्याचा. ज्या स्थळाची सारी प्रतिष्ठा लेखनावर आहे त्याच्या बाबतींत हें नोंदून ठेवण्याजोगें वाटलें. यांतून याहून अधिक कांहीं सिद्ध होतें असें मात्र कोणीं समजूं नये. शब्दसाम्यावर इतिहासाचे इमले चढविण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांना आहे.

नगराचें हें नांव फार जुनें नाहीं. १८८२ पर्यंत या गांवास व्होय्निक म्हणत. त्या वर्षीं राजा मिलान ओब्रेनोविच यानें त्यास नगराचा दर्जा दिला आणि साडेचार शतकांपूर्वीं वारलेल्या देस्पोत स्तेफान लाझारेविच याचें स्मारक म्हणून नवें नांव ठेविलें. मठाचेंहि मूळ नांव रेसावाच; ‘मानासिया’ हें आजचें नांव मागाहून पडलें. तेव्हां जुन्या लेखांत ‘रेसावा’ शब्द आला असतां तो नदीचा, खोऱ्याचा, कीं मठाचा, हें संदर्भावरूनच ठरवावें लागतें.

रेसावा ही लहान नदी आहे. पूर्व सर्बियांतील कुचाय व बेल्यानित्सा या चुनखडीच्या डोंगरांत तिचा उगम. लांबी सुमारें ६५ किलोमीटर. वरच्या भागांत ती अरुंद घळीतून वाहते. चुनखडीच्या मुलखाची रीत अशी कीं, पाणी एके ठिकाणीं जमिनींत गडप होतें आणि भलत्याच ठिकाणीं मोठ्या झऱ्याच्या रूपानें वर येतें. त्यामुळें या डोंगरांत गुहा पुष्कळ. नगरापासून सुमारें २० किलोमीटरांवर असलेली रेसावा गुहा १९६२ मध्यें धुंडाळण्यांत आली व १९७२ पासून ती लोकांस पाहावयास खुली आहे. डोंगर संपले कीं खोरें रुंदावतें. नदी पश्चिमेकडे जाऊन स्विलायनात्स नगराच्या पुढें व्हेलिका मोरावा या मोठ्या नदीस मिळते, आणि मोरावा उत्तरेस जाऊन स्मेदेरेव्होजवळ डान्यूब नदीस मिळते.

मठास हीच जागा कां निवडली याचें उत्तर या भूगोलांत आहे. बेलग्रेडहून निशमार्गें कॉन्स्टँटिनोपलला जाणारा प्राचीन राजमार्ग मोरावेच्या खोऱ्यांतून जात असे. रोमन सैन्यें त्याच वाटेनें गेलीं, क्रूसेडवाले त्याच वाटेनें गेले, आणि पुढें तुर्कांच्या फौजा त्याच वाटेनें उलट दिशेनें आल्या. रेसावेचें खोरें या मार्गापासून एका बाजूस पडतें. राजधानीशीं दळणवळण राहील इतकें तें जवळ आहे, आणि वाटेनें जाणाऱ्या फौजेच्या नजरेस सहज पडणार नाहीं इतकें आंत आहे. शिवाय पाठीशीं डोंगर. त्या डोंगरांच्या दुसऱ्या अंगास, थोड्याच अंतरावर, स्तेफानाचा बाप राजा लाझार यानें चौदाव्या शतकाच्या आठव्या दशकांत रावानित्सा मठ बांधला होता, आणि तोहि तटबंद होता. पुत्रानें पित्याचाच कित्ता मोठ्या प्रमाणावर गिरविला.

स्तेफानाचें चरित्र येथें सविस्तर सांगण्याचें कारण नाहीं, परंतु त्यावांचून मठाचा अर्थ लागत नाहीं. १३८९ मध्यें कोसोव्होच्या मैदानावर लाझार पडला तेव्हां स्तेफान वयांत आला नव्हता. त्याची आई मिलित्सा हिनें कारभार पाहिला. बहीण ओलिवेरा सुलतान बायेझीदाच्या जनान्यांत गेली. आणि वयांत आल्यावर स्तेफानास मांडलिक म्हणून त्याच सुलतानाच्या बाजूनें लढावें लागलें. १३९६ मध्यें निकोपोलिस येथें तो ख्रिस्ती राजांविरुद्ध लढला. १४०२ मध्यें अंगोऱ्याच्या लढाईंत, चार वर्षांपूर्वीं दिल्ली लुटणाऱ्या तैमूरानें बायेझीदास कैद केलें आणि स्तेफान मोकळा झाला. परततांना त्यास कॉन्स्टँटिनोपल येथें देस्पोत ही पदवी मिळाली. नंतर त्यानें हंगेरीच्या सिगिस्मुंद राजाशीं सख्य जोडलें, त्याजकडून बेलग्रेड मिळविलें आणि तेथें आपली राजधानी केली. सुमारें पंचवीस वर्षें सर्बियास जो श्वास घ्यावयास सांपडला तो हा. रेसावा मठ त्या अवधींतला आहे. बांधकाम १४०७ च्या सुमारास सुरू झालें व १४१८ मध्यें पुरें झालें. मंदिर पवित्र त्रैक्यास अर्पण केलेलें आहे.

एवढ्या बांधकामास पैसा कोठून आला, असा प्रश्न मराठी वाचक विचारील, व तो योग्यच आहे. आपण दप्तरें पाहणारे लोक. सर्बियाच्या दक्षिण भागांत नोवो ब्र्दो येथें रुप्याच्या मोठ्या खाणी होत्या. १४१२ मध्यें स्तेफानानें खाणींचा कायदा लिहवून घेतला. त्याची मूळ सनद आज नाहीं. सोळाव्या शतकांत उतरलेली एक सचित्र प्रत तेवढी आहे आणि तीवरूनच तो कायदा आपल्याला कळतो. मूळ गेलें आणि नक्कल राहिली, हा प्रकार पुढें आणखी दोनदां येईल, म्हणून येथेंच लक्षांत आणून देतों.

मठास अकरा बुरूज आहेत. दुहेरी तट, बाहेर खंदक, तटाच्या माथ्याशीं पुढें काढलेल्या सज्जांतून खालच्या शत्रूवर मारा करण्याची सोय. सर्वांत मोठा बुरूज ‘देस्पोताचा बुरूज’ म्हणून ओळखिला जातो. मठ सर झाला तरी शेवटचा आसरा म्हणून स्वतंत्रपणें लढवितां येईल अशी त्याची रचना आहे. आंत मधोमध पांच घुमटांचें, घडीव दगडाचें मंदिर आणि एका बाजूस भोजनशाळेचे प्रशस्त अवशेष. मंदिराच्या भिंतींवरील चित्रांत सोनें व निळा रंग सढळ हातानें वापरलेला आहे. त्यांतील योद्धे संतांच्या आकृति विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांच्या अंगावरील चिलखतें व हातांतील शस्त्रें चित्रकाराच्या काळचीं, त्यामुळें शस्त्रविद्येच्या अभ्यासकांसहि तीं उपयोगी पडतात. पश्चिम भिंतीवर स्वतः स्तेफान मंदिराची प्रतिकृति हातांत घेऊन उभा आहे.

या चित्रांपैकीं दोनतृतीयांश भाग नष्ट झाला. १४३९ मध्यें मठ तुर्कांच्या हातीं पहिल्यानें गेला आणि १४५९ मध्यें स्मेदेरेव्हो पडल्यावर सर्व राज्यच बुडालें. तुर्कांनीं मंदिराच्या छपराचें शिसें काढून नेलें. शंभरावर वर्षें मंदिर उघडें राहिलें आणि चित्रांवर पाऊस पडत राहिला. पुढें १७१८ ते १७३९ या काळांत हा मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यांत होता. त्या ख्रिस्ती फौजेनें मंदिराच्या पुढच्या दालनांत दारूगोळा सांठविला आणि स्फोट होऊन तें दालन उडालें. फरसबंदीचा कांहीं भाग, रंगीत दगडांच्या मोठ्या कमळासारख्या आकृतीसह, बचावला. एकोणिसाव्या शतकांत १८०६ व १८४४ या सालीं दोनदां जीर्णोद्धार झाला. तटांनीं शत्रूस थोडा वेळ थोपविलें असेल; शिसें व दारू यांपुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळतों.

स्तेफान स्वतः लेखक होता. त्याचें ‘प्रेमाचें वचन’ हें पत्ररूप काव्य आहे. त्याच्या कडव्यांचीं आद्याक्षरें जुळविलीं असतां काव्याचें नांवच निघतें. असा मनुष्य ग्रंथसंग्रह करील यांत नवल नाहीं. त्यानें ठिकठिकाणाहून मौनव्रती साधु शोधून रेसावा येथें आणविले, असें त्याचा चरित्रकार लिहितो. या साधूंबरोबर पोथ्या आल्या आणि पोथ्या लिहिणारेहि आले. त्या वेळची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. बल्गेरियाची राजधानी तर्नोव्हो १३९३ मध्यें तुर्कांनीं घेतली. तेथील धर्माध्यक्ष एव्हतिमी यानें धर्मग्रंथांच्या स्लाव भाषांतरांची शुद्धि करण्याचें मोठें कार्य आरंभिलें होतें. तें उधळलें गेलें आणि त्याचे शिष्य-प्रशिष्य पांगले. एक राज्य बुडालें कीं तेथील पंडित शेजारच्या राज्यांत आश्रय शोधतात, ही गोष्ट विजयनगरानंतरच्या दक्षिणेंत आपण पाहिलेली आहे. सर्बिया हा तेव्हां अशा लोकांचा शेवटचा आसरा होता.

त्यांतील एक कोन्स्तान्तिन. हा बल्गेरियांतील कोस्तेनेत्सचा राहणारा. एव्हतिमीच्या एका शिष्याजवळ तो शिकला, १४१० च्या सुमारास सर्बियांत आला आणि स्तेफानाच्या दरबारीं राहिला. लोक त्यास ‘तत्त्वज्ञ’ म्हणत. स्तेफानाचें उपरिनिर्दिष्ट चरित्र त्यानेंच लिहिलें. परंतु आमच्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे १४२० नंतरच्या दशकांत लिहिलेलें ‘अक्षरांविषयीं विवरण’. रेसावा-संप्रदायाचा संस्थापक म्हणून पुष्कळदां त्याचें नांव घेतात. तें तितकेंसें खरें नाहीं. त्याचा वास राजधानींत होता, आणि लेखनशुद्धीची ही पद्धति त्याच्या येण्यापूर्वींच चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आथोस पर्वतावरील मठांतून व तर्नोव्होहून पसरूं लागली होती. तो संस्थापक नव्हे. भाष्यकार म्हणावा, आणि कांहींसा चिडका भाष्यकार.

त्याची तक्रार थोडक्यांत अशी. प्रतलेखक अक्षरांत गोंधळ करितात. एका अक्षराच्या जागीं दुसरें, एका चिन्हाच्या जागीं दुसरें घालतात. त्यामुळें अर्थ बदलतो. धर्मग्रंथाचा अर्थ बदलला म्हणजे पाखंड उत्पन्न झालें. याकरितां प्रत्येक अक्षराचें स्थान व उपयोग निश्चित असावा, ग्रीक लेखनांतल्याप्रमाणें स्वरचिन्हें घालावीं, ज्यास हें येत नाहीं त्यानें पोथी लिहूं नये आणि राजानें यावर लक्ष ठेवावें. केवळ एका स्वराच्या चुकीनें अनर्थ झाल्याची वृत्राची कथा आपल्या व्याकरणकारांनीं सांगितली आहे: ‘इन्द्रशत्रु’ शब्दांत उदात्ताचें स्थान चुकलें आणि इंद्राचा मारेकरी व्हावा म्हणून निर्माण केलेला वृत्र इंद्राकडून मारला गेला. पतंजलि आणि हा कोन्स्तान्तिन यांस एकमेकांची वार्ता असणें शक्य नाहीं. पण भीति तीच आहे.

त्याच ग्रंथांत तो एक गमतीची उपमा देतो. व्यंजनें हे पुरुष आणि स्वर ह्या स्त्रिया. स्वरांवर जीं चिन्हें द्यावयाचीं तीं स्त्रियांच्या मस्तकावरील अलंकार होत, म्हणून तीं व्यंजनांवर देऊं नयेत. आपल्या वैयाकरणांनीं नेमकें उलट म्हटलें आहे. स्वर स्वतःच्या तेजानें प्रकाशतो आणि व्यंजन त्याच्या मागून चालतें. शास्त्रदृष्ट्या आपल्यांचा पक्ष बळकट आहे. मात्र कोन्स्तान्तिनाचे सर्वच विचार ग्राह्य होते असें नाहीं. स्लाव धर्मभाषेचा पाया अत्यंत सुंदर अशा रशियन भाषेवर घातला गेला, असें त्याचें मत होतें. आजचे भाषाशास्त्री तें मानीत नाहींत. त्या भाषेचा उगम सालोनिकेच्या आसपासच्या दक्षिणी स्लाव बोलींत आहे.

त्यानें सांगितलेला एक नियम मात्र वाचून प्रस्तुत लेखक थबकला. दोन रूपांचा उच्चार एकच असला, तरी तीं डोळ्यांस निराळीं दिसावींत, म्हणजे एकवचन कोणतें आणि अनेकवचन कोणतें हें वाचकास कळेल, म्हणून लेखनांत भेद ठेवावा. हें आपल्याला परकें कसें वाटावें? ‘ते आले’ आणि ‘तें आलें’ यांतील अनुस्वाराचा उच्चार कोणी करीत नव्हते, पण लिहितांना तो भेद राखला जात होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनीं तो काढून टाकला. हा लेख जुन्या वळणानें लिहिला आहे याचें कारण हट्ट म्हणा, संवय म्हणा. ज्या पोथ्यांनीं व पुस्तकांनीं मला मराठी शिकविली त्यांत तो अनुस्वार होता. सर्बियांतहि हा वाद झाला व कोन्स्तान्तिनाचा पक्ष हरला. वुक कराजिच यानें १८१८ मध्यें व्हिएन्ना येथें आपला कोश छापला आणि जसें बोलतों तसें लिहावें, एका ध्वनीस एकच अक्षर असावें, असा आग्रह धरला. त्याचें ३० अक्षरांचें वर्णमालेचें रूप १८६८ मध्यें सर्बियांत अधिकृत झालें. शाळेंतील मुलांचें त्यांत कल्याण झालें हें मी शिक्षक या नात्यानें कबूल करितों. पोथी लावणाराचें झालें कीं नाहीं, हा प्रश्न निराळा.

अठराव्या शतकांत रशियांतून छापील धर्मग्रंथ येऊं लागले व त्यांची भाषा सर्ब चर्चनें स्वीकारली, तोंपर्यंत सुमारें तीन शतकें रेसावा-पद्धतीचें लेखन चालूं होतें. या अवधींत सर्ब लोकांस स्वतःचें राज्य नव्हतें, पाठशाळा नव्हत्या, राजाश्रय नव्हता. डोंगरांतल्या एखाद्या लहान मठांत कोणीतरी साधु थंडीनें आंखडलेल्या बोटांनीं एक पोथी उतरीत बसे आणि शेवटीं, आपली प्रत रेसावा येथील चांगल्या प्रतीवरून घेतली आहे, असें लिही. मूळ रेसावा-प्रत त्याच्यापुढें प्रत्यक्ष होती, कीं तिच्या नकलेची नक्कल होती, हें पुष्कळदां सांगवत नाहीं. परंतु त्या नांवाचा आधार त्यास हवासा वाटे, ही गोष्ट मला मोठी वाटते.

पुष्पिकांचा विषय निघाला म्हणून सांगतों. आपल्याकडील प्रतलेखक ग्रंथाच्या शेवटीं सांगतो कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष माझ्या माथीं मारूं नये. पोथीसंग्राहकांपैकीं असा कोण आहे कीं ज्यानें तो श्लोक शेंकडों वेळां वाचला नाहीं? सर्ब प्रतलेखकहि नम्रपणें वाचकाची क्षमा मागतो आणि आपणांस शाप देऊं नका म्हणतो. तथापि तो दोष स्वतःकडे घेतो. आपल्या लेखकाचा भर मुळाबरहुकूम लिहिण्यावर. रेसावा-संप्रदायाचा भर मूळ तपासून शुद्ध लिहिण्यावर. यांत दुसरी पद्धत श्रेष्ठ असें वाटण्याचा संभव आहे. परंतु पाठचिकित्सा करणारास विचारा. जो लेखक न समजतां जसेंच्या तसें उतरतो, त्याच्या चुकांतूनहि मूळ पाठ शोधून काढतां येतो. जो समजून दुरुस्त करितो, तो आपल्या मागचा माग पुसून टाकतो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या प्रस्तावना ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस ही अडचण नवी नाहीं. रेसावेच्या शुद्धिकारांनीं कोणकोणतें जुनें रूप पुसलें याची यादी आतां कोणी करूं शकणार नाहीं.

पुष्पिका म्हणजे इतिहासाचें साधन, हें तिकडेहि तितकेंच खरें. १३७१ मध्यें मारित्सा नदीवर सर्बांचा जो पराभव झाला त्याचें अत्यंत जिवंत वर्णन इसाया नामक साधूनें एका ग्रीक धर्मग्रंथाच्या आपल्या भाषांतराला जोडलेल्या टिपणांत आहे. अशा हजारों पुष्पिका व शिलालेख ल्युबोमिर स्तोयानोविच या विद्वानानें हयातभर खपून एकत्र केले आणि १९०२ ते १९२६ या काळांत सहा भागांत छापले. याच गृहस्थानें बेलग्रेडच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील हस्तलिखितांची सूची १९०३ मध्यें प्रसिद्ध केली. सूची करणें हें काम किती नीरस मानलें जातें हें आपल्या मंडळींस सांगावयास नको. त्या सूचीचें मोल पुढें कळलें. ६ एप्रिल १९४१ रोजीं जर्मन विमानांनीं बेलग्रेडवर बाँब टाकले, ग्रंथालयास आग लागली आणि सुमारें ३,५०,००० ग्रंथ व सुमारें १,४०० सिरिली हस्तलिखितें आणि सनदा जळून गेल्या. पांच-सहाशें वर्षें तुर्क, ऑस्ट्रियन, ओल, वाळवी, उंदीर यांतून वांचलेल्या पोथ्या एका दिवसांत गेल्या. त्यांपैकीं कित्येकांविषयीं आज जें ठाऊक आहे तें स्तोयानोविचनें उतरून घेतलेल्या ओळींपुरतें. तोहि या अर्थानें एक प्रतलेखकच.

दूर गेलेल्या पोथ्या कांहीं वांचल्या. स्तेफानाच्या मृत्यूनंतर लौकरच, १४२९ मध्यें पुऱ्या झालेल्या एका शुभवर्तमानाच्या पोथीचीं पानें सेंट पीटर्सबर्ग येथें आहेत. दाल्शा येथील एका साधूनें ती लिहिली आणि रादोस्लाव नांवाच्या चित्रकारानें रंगविली. साधूनें स्वतःचें नांव दिलें नाहीं. आपल्या मठाचें गांव तेवढें सांगितलें. खुद्द कोन्स्तान्तिनाच्या ‘अक्षरांविषयीं विवरणा’चें काय झालें? त्याच्या स्वहस्ताची प्रत उरलेली नाहीं. नकलकारांच्या हलगर्जीपणावर ज्यानें एवढें ताशेरे झोडले, त्याचा ग्रंथ पुढच्या नकलकारांच्या कृपेनेंच आपल्यापर्यंत आला. १८६९ मध्यें द्यूरा दानिचिच यानें तो प्रथम छापला आणि मागाहून वात्रोस्लाव यागिच यानें त्याची सविस्तर चर्चा केली. त्यांतील लेखन कोन्स्तान्तिनाच्या नियमांस सर्वत्र धरून आहे असें नव्हे.

आजच्या सर्ब बोलण्यांत ‘रेसावा-शाळा’ हा शब्दप्रयोग एका निराळ्या अर्थानें चालतो. कोणीं दुसऱ्याचा लेख चोरून आपल्या नांवावर खपविला, किंवा विद्यार्थ्यानें शेजाऱ्याच्या वहींतून उत्तर उतरलें, तर तो रेसावा-शाळेचा विद्यार्थी, असें थट्टेनें म्हणतात. हें वाचलें तेव्हां मला हसूं आलें आणि थोडें वाईटहि वाटलें. मीं नोकरींत असतांना परीक्षेच्या वर्गांतून पुष्कळांस उठविलें आहे. त्यांपैकीं एकाला विचारलें होतें कीं, उतरलेंस तें उतरलेंस, पण शेजाऱ्यानें चुकीचें लिहिलेलें तसेंच कां उतरलेंस? तो म्हणाला, मला काय ठाऊक तें चुकीचें आहे. कोन्स्तान्तिनाची सारी तक्रार या एका उत्तरांत आहे.

स्तेफान १९ जुलै १४२७ रोजीं शिकारीस गेला असतां एकाएकीं वारला. तो जेथें कोसळला तेथें उभारलेला संगमरवरी स्तंभ अद्याप आहे. आपल्या मठांत त्यास पुरलें, असें परंपरा सांगते; तथापि मोरावेच्या खोऱ्यांतील कोपोरिन या मठाचें म्हणणें असें कीं, देस्पोताच्या अस्थि आमच्याकडे आहेत. २००६ मध्यें रेसावा मठाच्या मंदिरांत उत्खनन होऊन अस्थि निघाल्या. तुलनेसाठीं स्तेफानाच्या पित्याच्या अस्थि हव्या होत्या. त्या मिळाल्या, कारण लाझारचा देहावशेष साधूंनीं शतकानुशतकें जपला आहे. १६९० मध्यें सर्ब लोक मोठ्या संख्येनें उत्तरेस गेले तेव्हां रावानित्साच्या साधूंनीं तो बरोबर नेला, मग कांहीं वर्षांनीं व्रद्निक मठांत ठेविला, १९४२ मध्यें तो बेलग्रेडला हलविण्यांत आला व १९८९ मध्यें पुनः रावानित्सास पोंचला. जनुकांची तुलना करून, रेसावा येथील अस्थि लाझारच्या पुत्राच्या आहेत, असें संशोधकांनीं जाहीर केलें. कोपोरिनच्या भाविकांनीं आपला दावा सोडलेला नाहीं, आणि तेथेंहि दर्शनास लोक जातात.

सर्ब चर्चनें १९२७ मध्यें, मृत्यूस पांचशें वर्षें झालीं त्या सालीं, स्तेफानास संतांत गणलें. मठांत आज संन्यासिनी राहतात. देस्पोतोव्हात्स येथें व मठांत १९९३ पासून दरवर्षीं ऑगस्टमध्यें एक विद्वत्सभा व उत्सव भरतो आणि त्यांत जुनी भाषा, जुनें साहित्य यांवर निबंध वाचले जातात. ते निबंध पुढें ग्रंथरूपानें छापून काढितात.